अवघ्या तीन रविवारांत आहारगुरू व्हा

गेल्या मंगळवारी आईच्या गोळ्यांच्या डबीत मला मेथ्या सापडल्या. सोम, मंगळ, बुध असे सात खण असलेली ती प्लॅस्टिकची डबी असते ना, तीच. प्रत्येक खणात मोजून दहा-बारा दाणे. गोळी एकाही खणात नाही. त्या मेथ्या तिथं कशा पोचल्या ते सांगतोच, पण आधी तुमच्या भवितव्याचं बघू. कारण त्या डबीकडे बघता बघता मला साक्षात्कार झाला की आपण सगळे चुकीच्या धंद्यात आहोत. मी बावीस वर्षं सांगलीत लोकांचे रिटर्न भरतोय आणि अजूनही प्रत्येक जण फी देताना कुरकुरतो. आहारगुरूला लोक ॲडव्हान्स देतात, वर पाया पडतात.

तेव्हा व्हा आहारगुरू. आहारशास्त्राच्या रीतसर पदवीच्या नादी लागू नका. त्यात जीवरसायनशास्त्र असतं, इस्पितळात उमेदवारी असते, किडनीच्या पेशंटला पोटॅशियम किती चालेल असले रटाळ प्रश्न असतात. त्यापेक्षा तीन रविवार झूमवर बसा, सकाळी दहा ते एक. चौथ्या रविवारी सर्टिफिकेट पीडीएफमध्ये येतं. नावाआधी डॉक्टर लावू नका, त्यात कायद्याची भानगड असते. ‘कोच’ लावा. क्रिकेटचा असो की कोबीचा, कोचला कुणी डिग्री विचारत नाही. आणि ‘होलिस्टिक’ हा शब्द सोडू नका. कुणी अर्थ विचारलाच तर म्हणा, ‘डॉक्टर आजार बघतात, आम्ही अख्खा माणूस बघतो.’ अख्ख्या माणसात त्याचं पाकीटही आलंच.

मग शत्रू निवडा. गहू, दूध, साखर, रिफाइंड तेल, काहीही. पण एकच. दोन निवडलेत तर लोक तुलना करायला लागतात, आणि तुलना करता करता विचार करायला लागतात.

दोनदाच जेवा म्हणणारे आणि दर दोन तासांनी खा म्हणणारे यांच्या भांडणात पडू नका. लग्नात आपल्याला दोन्ही पंगतींत बसायचंय.

आता दारूगोळा. तो तुम्हाला विज्ञानच पुरवतं, फुकट. पाठ करून ठेवा: 1937 साली आपल्याकडे डालडा आला, आणि पुढं कित्येक वर्षं वनस्पती तूप म्हणजे साजूक तुपाला स्वस्त आणि चांगला पर्याय असंच लोक समजत होते. त्यातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक ठरलेल्या चरबीवर, सरकारने 2 टक्क्यांची मर्यादा घातली ती 2022 साली! अंड्याचं पिवळं फेका म्हणणाऱ्या अमेरिकनांनी दिवसाला 300 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा 2015-20 च्या आपल्या आहार-सूचनांतून काढून टाकली. आणि सगळ्यात जबरदस्त म्हणजे, 1967 साली हार्वर्डच्या संशोधकांनी साखरेवरचा ठपका कमी करून चरबीवर टाकणारा लेख लिहिला, त्यासाठी साखर उद्योगाच्या संघटनेने साडेसहा हजार डॉलर मोजले होते. एवढं बोललात की समोरचा गार. लगेच पुढचं वाक्य टाका, ‘म्हणजे डॉक्टर सांगतात ते सगळंच खोटं,’ आणि तिसऱ्या वाक्यात पावडरचा दर.

गंमत म्हणजे वरचं सगळं खरं आहे. फक्त एक प्रश्न श्रोत्यांना सुचू देऊ नका: हे उघडकीला कुणी आणलं? त्या साडेसहा हजार डॉलरची पत्रं विद्यापीठांच्या दप्तरात पडून होती, ती संशोधकांनीच उकरून काढून 2016 साली छापली. ट्रान्स फॅटचं बिंगही अभ्यास करणाऱ्यांनीच फोडलं. झूमवरच्या तीन रविवारांनी आजवर कुणाची चूक शोधलेली नाही, स्वतःची तर नाहीच नाही. पण हे आपल्यात.

आजीचा उपयोग करा. ‘आपली आजी कुठं कॅलरी मोजत होती?’ हे वाक्य कधी फुकट जात नाही. माझीही मोजत नव्हती. ती पहाटे चारला उठून जात्यावर दळायची, तीन मैल चालून शेतावर जायची, आणि तिच्या सात पोरांतली चार जगली. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा या देशातलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. हा भाग रीलमध्ये घेऊ नका, मूड जातो.

मीठ गुलाबीच विका. हिमालयाचं म्हणा. ते पाकिस्तानातल्या पंजाबात खेवड्याच्या खाणीतून निघतं हे गिऱ्हाइकाला कळलं तर देशभक्तीची पंचाईत होते. उपासाला सैंधव आपल्याकडे पूर्वीपासून आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण रोजच्या जेवणातलं आयोडीनवालं मीठ ‘केमिकल’ म्हणून बंद करायला लावाल तेव्हा हिमाचलातल्या कांगडा खोऱ्याचं नाव काढू नका. तिथं घरोघरी गळ्याला गाठी होत्या. 1956 पासून तिथं मिठात आयोडीन घालून बघितलं आणि गाठी कमी झाल्या, म्हणून 1962 साली गलगंडाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज कुणाच्या गळ्याला गाठ दिसत नाही, म्हणूनच तुम्हाला आयोडीनची चेष्टा परवडते.

सकाळी दुधीचा रस. कडू लागला तरी प्या, कडू तेवढं गुणकारी! (नको हो. कडू दुधीच्या रसाने माणसं मेली आहेत. 2010 साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ गेला. त्या विषावर उतारा नाही. हा सल्ला उपरोधानेसुद्धा देववत नाही, खोडलाय समजा.)

हळद कॅप्सूलमध्ये भरा. आमची सांगलीची हळद, 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली, आमच्याच आईला साठ कॅप्सूल 1450 रुपये या भावाने विकली गेली. मार्केट यार्ड आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोळ्या बंद करा असं कधीही, कुणालाही, कुठंही म्हणू नका. हे कसब आहे. ‘काकू, शरीराचं ऐका’ म्हणा. ‘शरीर स्वतःला बरं करतं, आपण फक्त मध्ये येतो’ म्हणा. ‘गोळ्या म्हणजे कुबड्या, आयुष्यभर कुबड्यांवर चालणार का?’ असं हसत हसत विचारा. बाकी काम काकू स्वतः करतात. गोळ्या कपाटात मागे सारतात, आणि मुलाला शंका येऊ नये म्हणून डबीत मेथ्या भरतात, कारण मुलगा येता-जाता डबी हलवून बघतो, वाजली की निर्धास्त होतो. होय, मीच तो डबी वाजवून बघणारा मुलगा. आईला सोळा वर्षं डायबेटीस आहे. सकाळी एक गोळी, रात्री एक. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती एचबीएवनसी टेस्ट, गेल्या वेळी 7.1 होती, डॉक्टरही खूश होते. मग भजनी मंडळात या कोच मॅडम आल्या. नव्वद दिवसांचा प्रोग्रॅम. साडेचौदा हजार, पावडरचे तीन डबे धरून. सकाळी सातला चार फळांची स्मूदी (फळातली साखर नैसर्गिक असते, ती चढत नाही म्हणे, चढायची तिला शरम वाटत असावी), अकराला पावडर, भाकरी बंद, दूध बंद, आणि रात्री झोपताना हात जोडून पॅनक्रियाजचे आभार. नव्वद दिवसांनी आकडा आला 10.6. उपाशीपोटी 268. डाव्या पायाच्या करंगळीला चपलेचा घासा लागलेला, महिनाभर भरत नव्हता, तो तिने मोज्यात झाकून ठेवलेला. मी मॅडमना फोन लावला. पलीकडून मधाळ आवाज, ‘दादा, घाबरू नका, हा हीलिंग क्रायसिस आहे. शरीर जुनी साखर बाहेर टाकतंय.’ जुनी साखर! काय, माळ्यावर ठेवली होती का पिंपात? मी म्हटलं, पायाला जखम आहे. म्हणाल्या, ‘टॉक्सिन्स कुठून तरी बाहेर पडणारच ना.’ मी म्हटलं, तुम्ही गोळ्या बंद करायला लावल्यात. तर म्हणतात कशा, ‘आम्ही असं कधीच सांगत नाही दादा, ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलंय, हा वैद्यकीय सल्ला नाही.’

बघा, जमलं की नाही? साखर उतरली असती तर पावडरमुळे, चढली तर टॉक्सिनमुळे, आणि पाय गेला असता तर डिस्क्रिप्शन वाचायला हवं होतं.

आणि डायबेटीसची ती ‘केमिकल’ गोळी, मेटफॉर्मिन, तिचं मूळ एका रानझुडपात आहे, फ्रेंच लायलॅक म्हणतात त्यात. युरोपात लोक ते औषध म्हणून वापरायचे. त्यातल्या द्रव्याचा माग काढत, त्यातलं घातक बाजूला करत, माणसांनी ती गोळी बनवली. म्हणजे जडीबुटीच की ती, फक्त मोजून-मापून तपासलेली. पण तिच्या डब्यावर पान काढलेलं नसतं, आणि पट्टी काही रुपयांत मिळते. तुमच्या डब्यावर पान आहे, आत काय आहे ते कुणाच्या बापालाही ठाऊक नाही.

मी डॉक्टरांची बाजू घेत नाहीये. आईच्या डॉक्टरांकडे दीड तास बसलं की चार मिनिटं मिळतात. आहाराचा कागद मिळतो तो झेरॉक्सची झेरॉक्स, त्यावर ‘भात बंद, फळे बंद’ आणि खाली ‘ओट्स, ब्रोकोली’. सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर शाळूची भाकरी खाल्लेल्या बाईला ब्रोकोली! त्या कागदावर शंका घ्यायलाच हवी, मीही घेतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली सतरा सूचना काढल्या. त्यात सरळ लिहिलंय की रोजच्या ऊर्जेत धान्याचा वाटा 45 टक्क्यांच्या वर नको, आणि प्रोटीन पावडर टाळा. हेच ते ‘दडवलेलं सत्य’. सरकारी वेबसाइटवर फुकट पडलंय, कुणी उघडत नाही, कारण तिथं ‘काकू, जेवलात का?’ असं विचारायला कुणी नाही.

तेच आई म्हणाली मला. मी आरडाओरडा करून झाल्यावर शांतपणे म्हणाली, ‘ती रोज फोन करते रे. काय खाल्लंस, झोप लागली का, सगळं ऐकून घेते. तू डबी वाजवतोस.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

पण म्हणून मॅडम सुटत नाहीत. उपरोध पुरे झाला आता. ऐका. तुम्हाला डॉक्टरवर शंका आहे, कंपन्यांवर आहे, सरकारवर आहे, चांगलं आहे, घ्या. पण स्वतःवर? ज्याने तुम्हाला पावडर पोचवली त्याच्यावर? डब्यामागं तुमचं कमिशन किती, ते काकूंना सांगितलंत कधी? तुमच्याकडे आलेले किती जण अर्ध्यात सोडून गेले, कुणाची साखर चढली, कुणाला ॲडमिट करावं लागलं, त्याची वही आहे तुमच्याकडे? नाही. तुमच्याकडे फक्त बिफोर-आफ्टरचे फोटो आहेत. 1922 च्या आधी इन्सुलिन नव्हतं, तेव्हा डायबेटीस झालेली लहान पोरं उपासमारीच्या आहारावर ठेवायचे आणि ती हळूहळू मरायची. डॉक्टर आणि आईबाप बघत बसायचे. ‘शरीर स्वतःला बरं करतं’ हे त्या आईबापांना सांगून बघा. काकू तुम्हाला लेकीसारखं मानते, म्हणून तुमचं ऐकते, आणि त्या मानण्याचे तुम्ही साडेचौदा हजार लावलेत. लाज वाटायला हवी. अख्खा माणूस बघता ना? मग त्या माणसाला पाय असतात, डोळे असतात, किडन्या असतात. मोजा काढून एकदा तरी बघितलंत?

आणि भजनी मंडळातल्या मंडळींनो, आजही ग्रुपवर त्यांच्या पोस्टला हात जोडता तुम्ही. माझ्या आईच्या करंगळीचा फोटो टाकला तर ‘इथं फक्त सकारात्मक पोस्ट टाकाव्यात’ असं ॲडमिनने मला कळवलं.

गोळ्या पुन्हा सुरू आहेत, जखमेला रोज ड्रेसिंग. डबी मी भरतो, आणि शेजारी बसून भरतो. दोन डबे सीलबंद शिल्लक आहेत. मॅडम म्हणतात परत घेता येत नाहीत, पण तेवढ्याच पैशांत माझं वजन कमी करून देतील.