डब्यातील नाण्याचे कोटी कसे करावेत

ज्यांच्या घरी बिस्किटांच्या जुन्या डब्यात चार-सहा नाणी पडून आहेत, त्या सर्व भाग्यवंतांचे आधी मनःपूर्वक अभिनंदन. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला दहा लाख मिळतात, ही शुभवार्ता नुकतीच आमच्या नात्यातील एका निवृत्त काकांना मोबाइलवर कळली. त्यांनी प्रथम 'नोंदणी शुल्क', मग 'जीएसटी' आणि शेवटी 'रिझर्व्ह बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र' यांसाठी पैसे भरले. हे नाणे 2012 साली श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघाले आणि आजही वाण्याकडे पाच रुपयांनाच चालते. ते अजून काकांकडेच आहे, म्हणजे पाच रुपये तरी निश्चित वाचले. असे यश इतरांनाही लाभावे, म्हणून या सूचना.

नाणे जितके जुने तितके महाग, हे तत्त्व मनात पक्के धरावे. बाजारात गेल्यावर सातवाहनांची दोन हजार वर्षांपूर्वीची साधी नाणी काहीशे रुपयांत मिळताना दिसतील आणि तांब्याच्या शिवराया त्याहूनही स्वस्तात, तेव्हा नजर दुसरीकडे वळवावी.

नाणे विकण्यापूर्वी चिंच लावून देवाच्या तांब्यासारखे लख्ख घासावे, म्हणजे त्यावर वर्षानुवर्षे चढलेली जुनेपणाची छटा आणि तिच्यासाठी जाणकार जे पैसे मोजतो ते पैसे, दोन्ही एकदमच धुऊन निघतात.

सालाखाली पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची इवलीशी खूण दिसली, तर ती मुंबईच्या टांकसाळीची आहे हे कोणालाही सांगू नये. 'डायमंडवाले दुर्मीळ नाणे' असे म्हणावे.

आता जगातील सर्वांत महाग नाणेच हवे असेल, तर मात्र थोडे कष्ट आहेत. आधी 1933 सालच्या अमेरिकेत जन्म घ्यावा आणि फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत वीस डॉलरची 'डबल ईगल' नावाची सोन्याची 4,45,500 नाणी पाडवून घ्यावीत. त्याच वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडून लोकांनी सोने सरकारजमा करावे असा हुकूम काढवावा, म्हणजे ही नाणी चलनात न येता पुढे वितळवली जातील. त्यांतली मूठभर कोणीतरी मागच्या दाराने पळवावीत. एक नाणे इजिप्तच्या फारूक राजाच्या संग्रहात पोहोचावे, आणि 1944 साली अमेरिकेच्याच अर्थखात्याने गाफीलपणे त्याच्या निर्यातीचा परवाना द्यावा. राजाची गादी 1952 मध्ये जावी, त्याचा संग्रह 1954 मध्ये लिलावात निघावा, अमेरिकेने हरकत घेताच हे नाणे गायब व्हावे आणि चाळीसेक वर्षांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात एका ब्रिटिश व्यापाऱ्यासह सरकारी सापळ्यात सापडावे. मग खटला चालावा, तडजोड व्हावी आणि तोवर नाणे वर्ल्ड ट्रेड सेंटरमधील सरकारी तिजोरीत राहावे. मात्र 2001 च्या जुलैमध्ये, म्हणजे इमारती कोसळण्यापूर्वी जेमतेम दोन महिने, ते तेथून हलवण्याची आठवण ठेवावी. एवढे जमले, की 2002 साली त्याचे 75 लाख 90 हजार 20 डॉलर येतात. शेवटचे वीस डॉलर सरकारने नाण्याच्या दर्शनी किमतीपोटी घेतले, कारण त्याच्या हिशेबी हे नाणे तोवर चलनात आलेच नव्हते. पुढे 2021 च्या जूनमध्ये ते सुमारे 1 कोटी 88 लाख 72 हजार डॉलरला, म्हणजे सव्वाशे कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले.

त्यात सोने किती, तर एका औंसाहूनही किंचित कमी.

उरलेली किंमत कशाची, हे समजून घ्यायचे असेल तर याच नाण्याची भावंडे पाहावीत. फिलाडेल्फियाच्या एका सराफाच्या वारसांना त्याच साच्यातील, त्याच सालाची दहा नाणी बँकेच्या लॉकरमध्ये सापडली. त्यांनी ती तपासणीसाठी टांकसाळीकडे दिली आणि टांकसाळीने ती ठेवूनच घेतली. वर्षानुवर्षे खटला लढूनही शेवटी न्यायालयाने ती सरकारचीच ठरवली. धातू तोच आणि छापही तोच, तरी एकाला सव्वाशे कोटी आणि दहांच्या वारसांना दमडी नाही. किंमत ठरते ती दुर्मीळपणावर, जपणुकीवर, मालकीच्या निर्विवाद कागदांवर आणि लिलावात एकमेकांशी ईर्षेने भिडणाऱ्या दोन श्रीमंतांवर. यांपैकी एकही गोष्ट लाखांनी पाडलेल्या नाण्यात नसते, आणि ती नसल्याचे तुम्हाला फोन करणाऱ्या 'साहेबांना' पुरते ठाऊक असते.

काकांना त्या साहेबांनी ओळखपत्र पाठवले होते. त्यावर रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह होते, गोल शिक्का होता आणि 'मुख्य' हा शब्द मराठीत चुकीचा लिहिलेला होता. रिझर्व्ह बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्येच जाहीर सांगितले आहे की जुनी नाणी-नोटा विकण्याच्या व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही, त्यासाठी ती शुल्क घेत नाही आणि आपल्या नावाने ते घेण्याचा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. ते वाचायला कोणाला वेळ आहे? एक हप्ता भरला की दुसरा मागायचा, दुसरा भरला की 'आता माघार घेतलीत तर आधीचे बुडतील' असे धमकवायचे, आणि समोरचा रडकुंडीला आला की फोन बंद करायचा, ही या 'साहेबांची' पद्धत आहे आणि ती निर्लज्ज दरोडेखोरी आहे. अहो, ज्याला वस्तू विकत घ्यायची आहे तो पैसे देतो, मागत नाही! खऱ्या लिलावातही विक्रेत्याकडचे कमिशन आलेल्या रकमेतून कापून घेतात. दहा लाख देणारा माणूस तुमच्याकडून दोन हजारांची उचल कशाला मागेल? एवढा साधा हिशेब भाजीच्या जुडीसाठी पाच रुपयांची घासाघीस करणाऱ्यांनी करू नये, याचा संताप येतो.

पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प बसू नका. 1930 या क्रमांकावर लगेच फोन करा, कारण उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. आणि घरातील शहाण्यांनो, 'एवढे शिकलेले असून तुम्हाला कळले कसे नाही?' असे त्या म्हाताऱ्या माणसाला विचारण्याआधी कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट उघडून जरा वर सरकवा आणि तो संदेश तेथे पहिल्यांदा कोणी टाकला होता ते पाहा.