हिटलरला बहुमत दिलं कुणी?

हुकूमशहांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. त्यात म्हटलेलं असतं की हिटलरला जर्मन जनतेनेच बहुमताने निवडून दिलं. चलनवाढीने कंगाल झालेल्या लोकांपुढे दुसरा पर्याय नव्हता. मुसोलिनीने तर लाखोंचा जमाव घेऊन रोम काबीज केलं. पुढे जे झालं ते सगळं कायद्याने झालं, आणि काहीही म्हणा, देशाला शिस्त लागली. लाटेपुढे कुणाचं काही चालत नाही, हे शेवटचं ठरलेलं वाक्य. ही सगळी विधानं मिळून एकच काम करतात: सत्ता ज्यांनी उचलून हातात दिली, त्यांची नावं झाकतात.

आधी बहुमत. मोकळ्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाने गाठलेलं शिखर म्हणजे जुलै १९३२ मधले ३७.३ टक्के. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो अध्यक्षपदासाठी विद्यमान अध्यक्ष हिंडेनबर्गविरुद्ध उभा राहिला आणि सरळ हरला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं तेव्हा पक्ष ३३.१ टक्क्यांवर आला, ३४ जागा गेल्या, वीस लाखांच्या आसपास मतं घटली, तिजोरीत खडखडाट. ओहोटी लागली होती, आणि नेमक्या त्याच वेळी, ३० जानेवारी १९३३ रोजी, हिंडेनबर्गने त्याला चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान, नेमलं. नेमलं, निवडून दिलं नाही. फ्रान्झ फॉन पापेन या माजी चॅन्सेलरने वृद्ध अध्यक्षाचं मन वळवलं. मंत्रिमंडळात नात्झी फक्त तिघे, बाकी जुने सनातनी सरदार-उमराव आणि उद्योगपतींचे मित्र. स्वतः पापेन उपचॅन्सेलर. मतं याची, कारभार आपला, असा हिशोब होता. दोन महिन्यांत याला कोपऱ्यात दाबू, अशी बढाई पापेनने मारल्याचं सांगतात. दीड वर्षात पापेनच्या कार्यालयातल्या माणसांना गोळ्या घालण्यात आल्या आणि तो स्वतः नजरकैदेत होता.

मार्च १९३३ च्या निवडणुकीचे ४३.९ टक्के काही जण पुढे करतात. तेव्हा पोलीस खातं नात्झींच्या हातात होतं, तपकिरी गणवेशातले स्वयंसेवक सहायक पोलीस म्हणून रस्त्यावर होते, विरोधकांची वर्तमानपत्रं बंद होती. एवढं करूनही निम्मी मतं पडली नाहीत.

आता चलनवाढ. डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते ते नोव्हेंबर १९२३ मध्ये. हिटलरने म्युनिकमध्ये उठाव केला तो त्याच महिन्यात, आणि तो फसला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९२८ मध्ये, त्याच्या पक्षाला मिळाली २.६ टक्के मतं. पक्ष फुगला तो १९३० पासून, जेव्हा किमती उलट कोसळत होत्या, आणि चॅन्सेलर ब्रूनिंग अध्यक्षांच्या वटहुकमांवर सरकार चालवत पगार आणि बेकारभत्ते कापत होता. संसदेला वळसा घालून राज्य करायची सवय जर्मनीला हिटलरने लावलेली नाही, ती त्याला आयती मिळाली. आणखी एक गोष्ट या मजकुरात कधी नसते: बेकार कामगारांचा कल नात्झींपेक्षा कम्युनिस्टांकडे जास्त होता. नात्झींची भक्कम मतं प्रॉटेस्टंट खेड्यापाड्यांतली, शेतकरी आणि छोट्या दुकानदारांची.

रोमचं तर नाटकच. ऑक्टोबर १९२२ मध्ये पावसात भिजलेले, धड शस्त्रं नसलेले मुसोलिनीचे काही हजार काळे सदरेवाले स्वयंसेवक राजधानीबाहेर जमले होते. लष्कराला त्यांना पांगवणं जड नव्हतं. पंतप्रधान फाक्टाने आणीबाणीचा हुकूम तयार करून राजापुढे ठेवला. व्हिक्टर इमॅन्युएल तिसऱ्याने सही करायला नकार दिला. मुसोलिनी तेव्हा मिलानमध्ये होता. राजाचं बोलावणं आल्यावर तो रात्रीच्या गाडीने रोमला आला. संसदेत त्याच्या पक्षाचे ३५ खासदार होते, पाचशेहून जास्त जागांच्या सभागृहात! हे रोम जिंकणं असेल तर पाहुणा म्हणून येणाऱ्या प्रत्येकानेच घर जिंकलं म्हणायचं.

‘सगळं कायद्याने झालं’ या दाव्यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण तो अर्धा खरा वाटतो. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री संसदभवन पेटलं. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला: भाषण, सभा, वृत्तपत्रं, टपालाची गुप्तता, घराची सुरक्षितता, सगळे हक्क स्थगित. मग २३ मार्चला, इमारत जळाल्यामुळे, संसद क्रोल ऑपेरागृहात भरली. मंत्रिमंडळाला संसदेविना कायदे करू देणारं विधेयक मंजूर करायचं होतं. ही घटनादुरुस्तीच, म्हणून दोन तृतीयांश सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांशांचा होकार हवा. कम्युनिस्टांचे ८१ खासदार तुरुंगात, नाहीतर भूमिगत. समाजवादी लोकशाही पक्ष आणि कॅथलिकांचा मध्यममार्गी पक्ष दोघेही बाहेर राहिले असते तर गणसंख्याच भरली नसती. सभापती गोअरिंगने त्यावर तोडगा काढला: विनापरवाना गैरहजर राहणारा सदस्य हजर धरला जाईल, असा नियमच बदलून घेतला.

सभागृहाच्या कडेने गणवेशातली माणसं उभी होती. कॅथलिक पक्षाला तोंडी आश्वासनं मिळाली होती. लेखी पत्र येतंय म्हणत होते, ते कधीच आलं नाही, आणि पक्षाने होकार दिला. समाजवाद्यांचा ओटो वेल्स एकटा उठून बोलला: आमचं स्वातंत्र्य आणि जीव तुम्ही घेऊ शकाल, अब्रू नाही. त्याच्या पक्षाच्या हजर असलेल्या ९४ जणांनी विरोधात मत दिलं, बाजूने ४४४.

बरं, एवढं करून मिळवलेला कायदा तरी पाळला का? संसदेची दोन्ही सभागृहं आणि अध्यक्षांचे अधिकार यांना हात लागणार नाही, असं त्या कायद्यातच लिहिलं होतं. फेब्रुवारी १९३४ मध्ये राज्यांचं सभागृह बरखास्त झालं. ऑगस्टमध्ये हिंडेनबर्ग गेला आणि त्याचं पद हिटलरने स्वतःकडे घेतलं. कायद्याने चाललेलं राज्य म्हणतात ते हे.

शिस्तीबद्दल फार शाई खर्च करायची गरज नाही. मोटाररस्ते हिटलरने आणले म्हणतात, पण कोलोन ते बॉन हा मोटाररस्ता ऑगस्ट १९३२ मध्ये खुला झाला, तोही कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांच्या हस्ते. हिटलर अजून सत्तेत यायचा होता. बेकारी घटली ती बरीचशी शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांनी आणि १९३५ च्या सक्तीच्या लष्करभरतीने. मुसोलिनीच्या वेळेवर धावणाऱ्या गाड्या मुख्यतः जाहिरातीत धावल्या.

राहिली ती लाट. रशियात नोव्हेंबर १९१७ मध्ये घटना समितीची निवडणूक झाली, नुकतीच सत्ता बळकावलेल्या लेनिनच्या बोल्शेविक पक्षाला साधारण चौथा हिस्सा मतं पडली, म्हणून समितीची एकच बैठक होऊ दिली आणि बंदुकीच्या धाकावर तिला टाळं लावलं. पुढे स्टालिनला तर कुठल्याच लाटेची गरज पडली नाही. १९२२ मध्ये त्याला पक्षाचा सरचिटणीस केलं तेव्हा ते कंटाळवाणं कारकुनी पद समजलं जायचं. कोणत्या जिल्ह्यात कुणाला नेमायचं हे त्या पदावरून ठरत होतं, आणि त्याने नेमलेलीच माणसं पुढे पक्षाच्या अधिवेशनांत हात वर करत होती.

आणि लाट अडते. बेल्जियममध्ये १९३६ मध्ये लेओं देग्रेलच्या फॅसिस्ट वळणाच्या रेक्स पक्षाने पहिल्याच झटक्यात २१ जागा घेतल्या. अंगात आलेल्या देग्रेलने पुढच्या वर्षी ब्रुसेल्समध्ये आपल्याच खासदाराला राजीनामा द्यायला लावून पोटनिवडणूक लादली. कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी आणि कम्युनिस्ट, एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारे, यांनी मिळून पंतप्रधान फान झेलांड यांना समोर उभं केलं. देग्रेलचा पाया कॅथलिक मतदारांत, तर कार्डिनलने जाहीर सांगितलं की कोरी मतपत्रिका टाकणंही चालणार नाही. देग्रेलला १९ टक्के मतं पडली, फान झेलांडना ७६. १९३९ च्या निवडणुकीत रेक्सच्या जागा उरल्या चार.