मांडवाखाली कोण वाकणार?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबण लागणार. वेळ नसेल त्यांनी सरळ पुढे सरका.

सकाळी आबांना घेऊन एका कार्यालयात गेले होते. कुठलं ते लिहीत नाही, आबांना तिथे अजून खेटे घालायचेत. गेल्या आठवड्यातल्या अवकाळीने निफाडकडच्या आमच्या द्राक्षबागेत थॉमसन जातीच्या द्राक्षांचे मणी तडकले. सौदा ठरलेला होता, पण पावसाच्या दुसऱ्या दिवसापासून व्यापारी फोन उचलत नाही. निदान नुकसानीची नोंद तरी व्हावी म्हणून गेलो. साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. "काका, उपग्रहाच्या चित्रात तुमचा प्लॉट हिरवागार दिसतोय."

दिसणारच! वरून पानं दिसतात. वेली मांडवावर आणि घड मांडवाच्या खाली. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल हे. आबा काही बोलले नाहीत. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. आत एकच घड. मण्यामण्याला चीर गेलेली, तळाला रस साचलेला, दोन चिलटं उडाली. साहेबांनी माउस तेवढा बाजूला घेतला.

घरी येऊन हे आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकलं, तर लगेच एकाचं ज्ञान: म्हणूनच म्हणतो, गरीब देशाने कशाला हे उपग्रहांचे चोचले, आधी खड्डे बुजवा.

अरे बाबा! मी चिडले कोणावर आणि तू बोलतोयस काय!

माझं भांडण उपग्रहाशी नाहीच. १९७९ साली आपला भास्कर-१ उपग्रह गेला तो सोव्हिएत रॉकेटवर बसून. १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए गेला, तोही सोव्हिएत रॉकेटवरच, बैकानूरच्या तळावरून. त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साडेबहात्तर मीटर. म्हणजे आमची सव्वा एकराहून जास्त बाग एका ठिपक्यात गडप. २०११ च्या रिसोर्ससॅट-२ च्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरचा. पावसाळ्यात ढगांमुळे साधा कॅमेरा आंधळा होतो, म्हणून २०१२ मध्ये रिसॅट-१ रडार घेऊन गेला. इकडे नाशकात गोदेला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं ते बघतो, पण तिथून खाली नदीकाठी कुठवर पसरलं, ते भर ढगांतून बघायला रडारच लागतं. हे चोचले?

हो, १८ मे २०२५ ला ईओएस-०९ हा उपग्रह वर पोचलाच नाही, रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाला. पैसे गेले. मान्य. खड्डेही बुजवा, कोण नको म्हणतंय.

पण मला आबांचा तो चेहरा आठवतो. काही वर्षांपूर्वी त्यांना भुवनवर, म्हणजे इस्रोच्या नकाशांच्या साइटवर, आमचा मळा दाखवला होता. चष्मा कपाळावर सरकवून, मोबाईल नाकाला लावून बघत होते. आधी रस्ता सापडला, मग बांध, मग एकदम ओरडले, "ही आपली विहीर! अगं, पडका कठडा पण दिसतोय!" कठडा काही दिसत नव्हता. काळा ठिपका होता नुसता. पण आईला स्वयंपाकघरातून हाक मारून आणलं, शेजारच्या अण्णांना बोलावलं. आपल्या देशाचं यान आपली विहीर बघून गेलं, याचंच त्यांना कोण अप्रूप. त्याच माणसाला आज त्याच चित्रावरून खोटं ठरवलं. ते मला सहन होत नाही.

साहेबांची बाजूही आहे म्हणा. माणूस एक, गावं ढीगभर, गाडीचं डिझेल कोण देणार. ठीक आहे. मग कुठे जायचं ते चित्रावरून ठरवा. पण चित्र बघितलं म्हणजे बाग बघितली, हे कुठलं शास्त्र? ज्यांनी तो कॅमेरा बनवला त्यांना विचारा, तेही सांगतील की पानाखालचं दिसत नाही. ३० जुलै २०२५ ला निसार उपग्रह गेला, आपला आणि नासाचा मिळून. त्याचं रडार ढगातून बघतं, जमीन बोटभर खचली तरी ओळखतं. तडकलेला मणी त्यालाही दिसायचा नाही. त्यासाठी मांडवाखाली वाकावं लागतं, चिखलात बूट घालावे लागतात.

परत येताना गाडीत आबा गप्प होते. ओझरच्या पुढे गेल्यावर म्हणाले, "तो नवा कितीक दिवसांनी येतो गं आपल्यावरून?" मी म्हटलं, बारा दिवसांनी तीच जागा पुन्हा बघतो. तर म्हणतात, "बरा आहे की मग. हे तर वर्षात एकदा पण येत नाहीत." आणि हसले. मला हसू येईना.

मग म्हणाले, विहीर दाखव. गाडी बाजूला घेऊन दाखवली. चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाला. चित्र जुनंच आहे, बांधावरचं कडुनिंब त्यात अजून उभं दिसतं. बराच वेळ बघत बसले.

डबा माझ्याकडेच राहिलाय, दोनदा घासला तरी आंबूस वास जात नाही. उद्या परत बोलावलंय. आबांचा मघाशी फोन होता, डबा नको म्हणाले, क्रेट भरून नेऊ.