गाडी उभी असतानाचं प्रशिक्षण

३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. चित्रफीत सगळीकडे पसरली, चालक आणि गाइड निलंबित झाले, दंड बसला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून नागपुरात पर्यटनाच्या गाड्यांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, परवाने रद्द करा. दुसरा म्हणतो, गावातली पोरं आहेत, त्यांच्या पोटावर पाय देऊ नका. त्या चालकांना गाडी उभी करायला कुणी आणि किती तास शिकवलं होतं, हे मात्र दोघंही विचारत नाहीत.

अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ओरलँडोत राहणाऱ्या माझ्यासारख्या नागपूरकराला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. इथल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने २०१७ मध्ये पाहुण्यांसाठी स्वतःची गाडीसेवा सुरू केली: मिनी व्हॅन. मिनी माउसच्या फ्रॉकसारखी लाल, पांढऱ्या ठिपक्यांची गाडी. बुकिंग लिफ्ट (Lyft) या टॅक्सी कंपनीच्या ॲपवरून, पण चालक डिस्नेचाच पगारी कर्मचारी. सुरुवातीला कुठेही जा, २० डॉलर. पुढे भाडं अंतरानुसार झालं. कोविडमध्ये सेवा बंद पडली, २०२२ मध्ये परत आली. त्याच रस्त्यांवर साधी ॲप टॅक्सी स्वस्त मिळते, तरी लेकरंबाळं असलेली कुटुंबं ही गाडी घेतात. गाडीत दोन चाइल्ड सीट तयार असतात, आणि डिस्नेच्या मॅजिक किंगडम या बागेत जाताना साध्या टॅक्सीसारखं तळ्याच्या अलीकडे उतरून पुढे मोनोरेल किंवा फेरीबोट पकडायची गरज पडत नाही. ही गाडी थेट प्रवेशद्वाराजवळ जाते.

अशा सेवेच्या प्रशिक्षणात स्टिअरिंगचा भाग सगळ्यात लहान असतो. गाडी चालवता येते की नाही हे अर्ध्या दिवसात कळतं. उरलेला सगळा वेळ गाडी उभी असताना काय करायचं यावर जातो, कारण तक्रारी आणि इजा तिथेही होतात: दार उघडताना, मूल बसवताना, रिव्हर्स घेताना, चुकीच्या गेटवर उतरवताना.

चाइल्ड सीटचंच घ्या. चालकाने आईबापांना मुलाचं वय विचारून भागत नाही, वजन आणि उंची विचारावी लागते, कारण सीटवरच्या मर्यादा त्यातच लिहिलेल्या असतात. लहान बाळाची सीट मागे तोंड करून, आणि चालू एअरबॅगच्या समोर कधीही नाही. खांद्याचे पट्टे मागे तोंड असेल तर खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, पुढे तोंड असेल तर पातळीला किंवा किंचित वर. सीट बसवली की जिथून पट्टा आत जातो त्या जागी धरून हलवून बघायची. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर सोडून पुन्हा बसवायची. नवखा चालक हमखास सीटचा वरचा भाग धरून हलवतो. वरचा भाग पक्क्या बसवलेल्या सीटचाही हलतो. मग तो पट्टा उगाच ओढत बसतो आणि खालची खरी ढिलाई तशीच राहते. शेवटी मुलाच्या गळपट्टीच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून बघायचा. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल आहे.

आता हे जसंच्या तसं नागपूरला आणलं तर फसेल. अमेरिकन गाडीत सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून सोडला की तो टकटक करत आत जातो आणि तिथेच अडकतो, त्यामुळे सीट घट्ट राहते. आपल्याकडच्या गाड्यांत ही सोय सहसा नसते. तिथे आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायला गाडीतच दिलेल्या, कड्या वापराव्या लागतात, आणि इनोव्हा-अर्टिगासारख्या गाडीत त्या मधल्या रांगेत असतात, सगळ्यात मागच्या रांगेत नसतात. म्हणजे ‘लेकरू मागं बसवा, मोठे मधात बसतील’ हे चालणार नाही.

दोन गोष्टी तर फ्लोरिडाच्या कुठल्याच पुस्तकात मिळायच्या नाहीत. मे महिन्यात रिसॉर्टच्या आवारात उन्हात उभ्या गाडीत सीटच्या बकलचा धातू इतका तापतो की मांडीला चटका बसतो. रिकाम्या सीटवर पांढरा टॉवेल टाकून ठेवायचा आणि मूल बसवण्याआधी बकलला स्वतःचा हात लावून बघायचा. आणि डिसेंबरच्या पहाटे, सफारीला निघताना, मूल जाड जॅकेट घालून येतं. जॅकेटवरून पट्टा आवळला तर वरून घट्ट दिसतो, पण धक्का बसला की जॅकेटमधली हवा दबते आणि मूल पट्ट्यातून निसटू शकतं. जॅकेट काढा, पट्टा लावा, मग वरून शाल पांघरा. आज्जी रागावतील, तर त्यांच्याच हातानं शाल पांघरू द्या.

कायद्याच्या बाबतीत तर आपलं पारडं जड आहे. फ्लोरिडात भाड्याच्या गाडीला चाइल्ड सीटच्या सक्तीतून सूट आहे, जबाबदारी आईबापांची. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा बालआसनाशिवाय नेलं तर चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड आहे. कायद्याने बोट चालकाकडे दाखवलं, पण त्याच्या हातात सीट कुणी दिली नाही आणि ती बसवायलाही कुणी शिकवलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरवलं की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. निर्णय योग्यच आहे, हजारो चालकांची रोजीरोटी वाचली. पण त्यामुळे शिकवण्याचं ओझं आता परवान्यावरून उतरून गाडी पुरवणाऱ्यावर आलं आहे, आणि विदर्भातल्या रिसॉर्टवाल्यांनी ते अजून उचललेलं नाही.

व्हीलचेअरच्या बाबतीत चूक जास्त महागात पडते. रॅम्पच्या गाडीत खुर्चीचं तोंड पुढे, ब्रेक लावलेले, चार पट्टे: दोन पुढे, दोन मागे. आकडे खुर्चीच्या पक्क्या सांगाड्याला लागले पाहिजेत, चाकाला, पायटेकूला किंवा हातटेकूला नाही, कारण ते भाग निघून येतात. आणि खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधला गेला असं नाही. त्याचा कमरेचा आणि खांद्याचा पट्टा वेगळा, आणि तो हातटेकूच्या वरून न जाता खालून, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. घाईत नेमकं हेच राहतं. आपल्याकडे येणारी बहुतेक खुर्ची दवाखान्यातली, घडीची असते. ती धावत्या गाडीत माणूस बसवण्यासाठी बनलेलीच नाही. तिथे आजोबांना गाडीच्या सीटवर घ्यायचं आणि खुर्ची घडी करून डिकीत बांधायची. उचलण्याआधी एक प्रश्न: ‘आजोबा, कुठून धरू?’ त्यांना माहीत असतं कोणता खांदा दुखतो ते.

यापेक्षा अवघड आहे नाही म्हणणं. सहा बेल्ट आणि सात माणसं, हा प्रसंग नागपुरात रोजचा. ‘घ्या ना भाऊ, लेकराले मांडीवर घेतो.’ इथे चालकाच्या स्वभावावर सोडून चालत नाही, वाक्य आधी घोटून घ्यावं लागतं: ‘काका, बेल्ट सहाच आहेत. दुसरी गाडी बोलावतो, ती येईपर्यंत तुम्हाला सोडून जात नाही.’ दुसऱ्या अर्ध्या वाक्याशिवाय पहिलं कुणी ऐकत नाही. आणि दुसरी गाडी खरंच आली पाहिजे. ती आली नाही तर पुढच्या वेळी चालक सातवा माणूस निमूट घेईल, आणि त्यात दोष त्याचा नसेल.

ठिकाण नीट विचारणं हाही प्रशिक्षणाचा तास आहे. ‘पेंच’ म्हणजे सिल्लारी, खुर्सापार की मध्य प्रदेशातलं तुरिया? ‘ताडोबा’ म्हणजे मोहर्ली की कोलारा? बुकिंगच्या कागदावरचं गेट पाहुण्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचं, मगच किल्ली फिरवायची. चुकीच्या गेटवर पोहोचलेल्या कुटुंबाची सकाळची फेरी गेलीच म्हणून समजा. नाव विचारतानाही तसंच. ‘तुम्ही देशपांडे का?’ असं विचारलं तर घाईतला कुणीही हो म्हणतो. ‘बुकिंग कोणाच्या नावानं आहे?’ असं विचारायचं.

रिव्हर्सचा नियम त्याहून साधा: गाडी लावतानाच तोंड बाहेर करून लावा. मागे घ्यावीच लागली तर उतरून मागे एक चक्कर मारा. कॅमेरा असला तरी, कारण बंपरला खेटून बसलेलं मूल कॅमेऱ्यात दिसेलच असं नाही.

परदेशाची बाजू इथवर भक्कम दिसते, पण तिचा पाया वेगळा आहे. इथे गाडी कंपनीची, पगार तासावर. डिस्ने वर्ल्डमधल्या सेवा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी २०२३ मध्ये केलेल्या करारात ताशी किमान १८ डॉलर ठरले. चाइल्ड सीट बसवण्यात सात मिनिटं गेली तर ती पगारातच मोजली जातात. नागपुरात गाडी बहुतेक चालकाची किंवा त्याच्या मेव्हण्याची, मागे बँकेचा हप्ता, पैसे फेरीवर. त्याच्यासाठी ती सात मिनिटं म्हणजे तोटा. जंगलात वाघ दिसला की बक्षिशी, नाही दिसला तर कोरडा ‘थँक्यू’. अशा हिशोबात वाट सोडून मागे सरणारा चालक स्वतःच्या खिशातून पैसे घालतो. म्हणून ठिपक्यांचा रंग आणि गणवेश उसना आणण्याआधी उभ्या गाडीच्या वेळेचे पैसे द्यायला सुरुवात केली पाहिजे. फेरीच्या भाड्यात वीस मिनिटं थांबण्याचे म्हणून वेगळी रक्कम, आणि बक्षिशी एकत्र जमा करून सगळ्या गाड्यांत वाटून. हे झालं नाही तर वर्गातलं शिक्षण आठवडाभर टिकेल.

आपल्या चालकांकडे जे आहे ते इथे विकत मिळत नाही, हेही सांगितलंच पाहिजे. इथला नवा चालक नकाशाच्या आवाजावर चालतो. सिल्लारीचा पोरगा सांबराच्या एका आवाजावरून कुठल्या नाल्याकडे बघायचं ते सांगतो, आणि म्हाताऱ्या माणसाला हात देताना त्याला कुणी सौजन्य शिकवावं लागत नाही. प्रशिक्षणात त्याला गिऱ्हाइकी हसू शिकवण्यात तास घालवणं म्हणजे चुकीच्या जागी मेहनत.

केंद्राच्या २०२० च्या ॲप-टॅक्सी मार्गदर्शक सूचनांमध्ये नव्या चालकासाठी पाच दिवस, ३० तास प्रशिक्षण सांगितलं होतं. विदर्भातल्या रिसॉर्टांनी आणि सफारी गेटांनी तेवढेच तास धरावेत. त्यातले दहा तास चाइल्ड सीट आणि व्हीलचेअर यांवर, प्रत्येक चालकाने तीन वेगवेगळ्या गाड्यांत किमान दहा वेळा सीट बसवून. सहा तास गेट आणि रस्ते. चार तास नाही म्हणण्याचा सराव, समोर मुद्दाम हट्टी पाहुणा बसवून. आणि दोन तास मोकळ्या मैदानावर फक्त अंतरासाठी. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या सूचना वन्यप्राण्यापासून २० मीटर दूर राहायला सांगतात, पण वीस मीटर म्हणजे किती हे डोळ्याला माहीत नसतं. एसटीच्या साधारण दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या की तेवढं होतं. मैदानात एक खांब वाघ समजून रोवा, चुन्याने रेघ मारा, सहा जिप्सी आणा. शेवटी आलेली गाडी सगळ्यात आधी मागे सरेल आणि खांबाच्या दोन्ही बाजूंची वाट मोकळी राहील, हे जमेपर्यंत तोच सराव पुन्हा पुन्हा करा.