पिनियन वर उचलला आणि जीप थरथरली: एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की चार इंच लिफ्ट केलेल्या (म्हणजे उंच केलेल्या) जीप रँग्लर टीजेचे मागचे वरचे कंट्रोल आर्म (ॲक्सलला चासीशी जोडणारे दांडे) लांब करा आणि पिनियनचं नाक (मागच्या ॲक्सलचं, शाफ्ट जोडतो ते टोक) ट्रान्स्फर केसकडे (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) वळवा. तुम्ही तसं केलंत आणि ताशी 45 मैलांच्या वर जीप आधीपेक्षा जास्त थरथरायला लागली. "शनिवार गेला, आर्मचे पैसे गेले. तुम्ही स्वतः कधी गाडीखाली शिरता का?" असं विचारलंत. शिरतो. पण या वेळची चूक माझी आहे, ती आधी मान्य करतो.

लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माझीच जीप होती. तिला स्लिप योक एलिमिनेटर (शाफ्टच्या सरकत्या टोकाऐवजी पक्कं टोक देणारं किट) बसवलाय आणि शाफ्टच्या ट्रान्स्फर केसकडच्या टोकाला डबल कार्डन जॉइंट (दोन यू-जॉइंट एकत्र) आहे. ही अट लेखात आलीच नाही. तुमच्या टीजेवर कंपनीचाच शाफ्ट आहे, दोन्ही टोकांना एकेक यू-जॉइंट (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा). असा जॉइंट कोनात फिरला, की शाफ्ट दर फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा कोनही तेवढाच असेल तर ही उचकी तिथे जिरते. त्यासाठी पिनियन ट्रान्स्फर केसच्या आउटपुटला समांतर हवा. मी सांगितल्याप्रमाणे नाक वर केल्यावर खालचा कोन जवळजवळ संपला, वरचा तसाच राहिला, आणि उचकी थेट डिफरन्शियलमध्ये गेली.

तेव्हा वरचे आर्म परत आखूड करा. वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं उभं अंतर 8 इंच धरलं, तर एका अंशाला आर्मची लांबी साधारण साडेतीन मिलीमीटर बदलते. दोन्ही बाजूंचे आर्म बोल्ट-मध्य ते बोल्ट-मध्य सारखे हवेत. तरीही टीजेचा मागचा शाफ्ट इतका तोकडा, की चार इंचांवर कोन समांतर असूनही तीव्रच राहतात. ट्रान्स्फर केस इंचभर खाली घेतली तर थरथर कमी होते, पण पोटाखालची जागा जाते, आणि खडकांत जायचं तर ते मला पटत नाही. पुढे एलिमिनेटर आणि डबल कार्डन शाफ्ट बसवलात, तर मग नाक वर करा, कारण तो जॉइंट आपली उचकी स्वतःच जिरवतो; आणि तेही शाफ्टच्या नेमकं सरळ रेषेत नको, एक-दोन अंश खालीच ठेवा. ॲक्सिलरेटर दाबला की आर्मच्या टोकांचे रबरी बुश दबतात आणि नाक आपोआप उचललं जातं.

"मित्राची जीप दोन इंच स्पेसरवर आर्म न बदलता मजेत चालते, म्हणजे हे सगळं फॅड आहे," हे मात्र पटत नाही. (स्पेसर म्हणजे उंची वाढवायला स्प्रिंगला लावलेली चकती.) त्याची चालेलच. खालचा आर्म सुमारे 16 इंचांचा. तो मुळात आडवा धरला, तर दोन इंच लिफ्टला ॲक्सल पुढे सरकतो इंचाचा आठवा हिस्सा, आणि चार इंचाला अर्धा इंच. लिफ्ट दुप्पट, सरकणं चौपट. आणि हा अर्धा इंच भरून काढायला नुसते खालचे आर्म लांब केलेत, तर पिनियन खाली झुकतो. वरचेही तेवढेच लांब करावे लागतात. बाजारात नुसते खालचे आर्म विकणारे हे सांगत नाहीत.

एक चूक मीही केली आहे. जीप स्टँडवर, ॲक्सल लोंबकळता, आणि मी सगळे बोल्ट पूर्ण आवळून मोकळा. चाकं जमिनीवर आल्यावर प्रत्येक बुश पिळलेलाच राहिला. वर्षाच्या आत दोन फाटले. म्हणून बोल्ट हातानेच बसवा, जीप चाकांवर उतरवा, मागून चारदा जोरात दाबा, आणि मगच टॉर्क रेंच लावा. लॉक नटही तेव्हाच. ट्रॅक बारही (ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) बघा. लिफ्टमुळे तो ॲक्सलला एका बाजूला ओढतो, आणि आर्म कितीही नीट असले तरी चाकं बाजूला सरकलेलीच दिसतात.

आता जीप सपाट जागी उभी करून अँगल गेजने दोनच आकडे घ्या, आउटपुटचा आणि पिनियनचा. ते इथे टाका. आर्म किती फिरवायचा ते मोजून सांगतो.

मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, पहिल्याच परिच्छेदात.