सौरसंचाचा खरा खर्च कळू नये म्हणून घ्यावयाची दक्षता

घराच्या छतावर सौरसंच बसवून वीजबिलाच्या कटकटीतून कायमचे सुटायचे, असा निश्चय ज्यांनी केला आहे, त्यांच्या उत्साहावर विरजण घालणारी एकच गोष्ट असते आणि ती म्हणजे हिशेब. म्हणून कोटेशन हाती येताच सुज्ञ वाचकाने थेट शेवटचे पान उघडावे, अनुदान वजा करून ठळक अक्षरांत छापलेली रक्कम वाचावी आणि बाकीचा बारीक मजकूर ही छापणाऱ्याची हौस समजून सोडून द्यावा. अनुदान पुष्कळदा संच सुरू झाल्यानंतर मिळते, तोवर पूर्ण रक्कम आपल्यालाच भरावी लागते आणि ती कर्जाने उभी केलेली असेल तर तिच्यावर व्याज चढत राहते, असले तपशील उमद्या माणसाला शोभत नाहीत. बिनव्याजी हप्त्यांची योजना पुढे आली तर ‘रोखीने घेतल्यास किती पडेल?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नये, कारण व्याज किमतीतच मुरवलेले असल्यास त्या एका उत्तराने ते उघडे पडते.

संच 3 किलोवॉटचा आहे म्हणजे सूर्य डोक्यावर आला की 3 किलोवॉट वीज मिळणारच, असे निःशंक मानावे. ही क्षमता प्रयोगशाळेत, दर चौरस मीटरला 1000 वॉट प्रकाश आणि पॅनेलमधील सौरघटांचे तापमान 25 अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. रणरणत्या उन्हात हेच तापमान 60 अंशांच्या पुढे जाऊ शकते, आणि सिलिकॉनचे पॅनेल 25 च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के क्षमता गमावते; म्हणजे 65 अंशांना 12 ते 16 टक्के वीज तारेत उतरण्याआधीच गेलेली असते. सुदैवाने हे गणित कोटेशनच्या पहिल्या पानावर सहसा नसते. धूळ, तारांतील आणि इन्व्हर्टरमधील (पॅनेलची एकदिश वीज घरात वापरण्याजोग्या प्रत्यावर्ती विजेत बदलणाऱ्या यंत्रातील) घट यांचीही चौकशी करू नये.

जागेच्या पाहणीसाठी मात्र आग्रहाने भर दुपारची वेळ द्यावी. त्या वेळी शेजारच्या झाडाची सावली झाडाच्याच पायाशी असते आणि छत लख्ख दिसते. हिवाळ्यात सूर्य खाली उतरल्यावर तीच सावली कोठवर पोहोचते, हे पाहायला कोणी सायंकाळी छतावर चढत नाही, हे सर्वांच्याच पथ्यावर पडते. एकाच मालिकेत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर सावली पडली तरी संपूर्ण मालिकेच्या उत्पादनाला फटका बसू शकतो, आणि तो टाळण्यासाठी प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र सूक्ष्म इन्व्हर्टर बसवायचा तर खर्च वाढतो. त्यापेक्षा झाड न दिसलेले बरे.

‘शून्य बिल’ या शब्दांवर तर श्रद्धाच ठेवावी. जोडणीसाठीचा स्थिर आकार वापर शून्य असला तरी आकारला जाऊ शकतो, याकडे काणाडोळा करावा. आपण दिवसभर घराबाहेर आणि सगळी उपकरणे रात्री चालू, अशी दिनचर्या असल्यास दुपारची बहुतेक वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यात, जाते. ग्रिडला दिलेल्या युनिटचा दर आणि ग्रिडकडून घेतलेल्या युनिटचा दर एकच असतो की निम्मा, यावर सगळी बचत टांगलेली असते, आणि म्हणूनच तो नियम संच बसल्यानंतर वाचणे मनःशांतीसाठी उत्तम. ग्रिडची वीज गेल्यावर आपले घर मात्र उजळलेले राहील, असे शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. बॅटरी नसलेला साधा ग्रिडशी जोडलेला संच अशा वेळी स्वतःहून बंद पडतो, कारण दुरुस्तीसाठी तारेला हात लावलेल्या कर्मचाऱ्याला उलट बाजूने विजेचा धक्का बसू नये. ही अडचण बॅटरीने सुटते आणि मग खर्चाचा एक नवा, स्वतंत्र अध्याय सुरू होतो.

मला स्वतःला या कागदपत्रांतले सर्वांत रम्य पान वाटते ते 25 वर्षांच्या बचतीच्या आलेखाचे. विजेचा दर दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढेल असे एकदा गृहीत धरले की पंचवीस वर्षांत तो चौपटीहून अधिक होतो आणि बचतीची रेषा बघता बघता आकाशाला भिडते. हीच महागाई साफसफाई, देखभाल आणि विमा यांना लावण्याचा अरसिकपणा आलेख काढणारा करत नाही. आपणही करू नये. पॅनेल दरवर्षी सुमारे अर्धा टक्का क्षमता गमावते, इन्व्हर्टर बहुधा 10 ते 15 वर्षांत बदलावा लागतो, आणि आज गुंतवलेला पैसा दुसरीकडे काही कमावू शकला असता, ही तीन वाक्ये वगळली की पैसे चार-पाच वर्षांत वसूल होण्याची वार्ता अधिक डौलाने सांगता येते. संचाच्या संपूर्ण आयुष्यातील एकूण खर्चाला त्या काळातील एकूण युनिटांनी भागून स्वतःच्या विजेचा दर काढण्याचा मोह काहींना होतो. तो निग्रहाने आवरावा. असा भागाकार करूनही संच फायद्याचा ठरू शकतो, बऱ्याचदा ठरतोही, पण मग तो फायदा कळून मिळालेला असतो आणि त्यात साहस उरत नाही.

राहता राहिली 25 वर्षांची हमी. ती पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची असते, पॅनेलच्या दोषांची हमी त्याहून कमी मुदतीची असू शकते, इन्व्हर्टरची आणखी कमी, आणि बिघडलेले पॅनेल उतरवून नवे चढवण्याची मजुरी कोणाच्या खिशातून, हे पान उलटल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा पान उलटू नये. छताला गळती लागून सगळा सांगाडाच उतरवावा लागला तर तो खर्च सहसा कोणत्याच हमीत नसतो, हेही गळती लागल्यावर कळलेले चालते. संच बसवणारी कंपनी स्थापन होऊन दोन वर्षे झाली असतील आणि ती पुढील पंचवीस वर्षांची हमी देत असेल, तर तिचा आत्मविश्वास पाहून भारावून जावे आणि सही करण्यासाठी पेनही तिच्याच प्रतिनिधीकडून मागून घ्यावे.