अहवालात नसलेला एक रकाना

विद्यापीठाच्या मेन गेटवर परवा नवा फ्लेक्स लागला. वर्षभरात पीएच.डी. इतक्या, पेपर इतके, पेटंट इतकी. आकडे मोठे, फोटो त्याहून मोठे. गाडी बाजूला घेऊन सगळा वाचला. विद्यापीठाचं नाव इथे लिहीत नाही. तिथेच तासिका तत्त्वावर शिकवतो आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत आहे. समजून घ्या.

आधी एक मान्य करतो. छोटी विद्यापीठं झाली हे फार बरं झालं. सोलापूरला २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ मिळालं, गडचिरोलीत २०११ मध्ये गोंडवाना आलं. त्याआधी एखाद्या सहीशिक्क्यासाठी सोलापूरकराला कोल्हापूर गाठावं लागायचं आणि गडचिरोलीच्या पोराला नागपूर. सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळी घरी परतता येतं, एवढ्या एका कारणावर आमच्याकडच्या कितीतरी मुलींची एमएस्सी झाली. फ्लेक्सवर हे कुठे दिसत नाही, पण माझ्या लेखी पहिलं यश हेच.

आता संशोधनाकडे येऊ. माझा विषय थिन फिल्म, म्हणजे काचेवर किंवा स्टीलच्या पट्टीवर पदार्थाचा अगदी पातळ थर चढवायचा. याची व्हॅक्यूमवाली यंत्रं महाग, आमच्या विभागाच्या ऐपतीबाहेरची. पण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या मंडळींनी ही अडचण फार आधी ओळखली आणि रासायनिक पद्धतींवर भर दिला. बीकर, वॉटर बाथ, काचपट्टी आणि अमोनियाच्या वासानं चुरचुरणारे डोळे, एवढ्या भांडवलावर तिथे पिढ्या तयार झाल्या. दक्षिण कोरियाच्या प्रयोगशाळांत आज कोल्हापूरकडची मराठी कानावर पडते, त्याचं मूळ या बीकरमध्ये आहे. त्यांच्याकडे शिकलेले लोक आमच्यासारख्या ठिकाणी गाइड झाले आणि विद्या इकडे आली.

मी सिलार पद्धतीनं काम केलं. पट्टी चिमट्यात धरायची. पहिल्या बीकरमध्ये वीस सेकंद, पाण्यात दहा, दुसऱ्या द्रावणात वीस, परत पाण्यात दहा. हे झालं एक सायकल. अशी साठ केली की थर जरा रंग दाखवतो. मध्येच कुणी हाक मारली की मोजणी चुकायची, म्हणून मी वाटीत साठ हरभरे घेऊन बसायचो. दर सायकलला एक दाणा इकडून तिकडे. लॅबमधले मामा दारातून विचारायचे, "काय डॉक्टर, आज किती दाणे?" एक फायदा मात्र होता. लाइट गेली तरी काम थांबत नसे. बुडवायला वीज कशाला लागते!

थर झाला की त्याचं एक्सआरडी, म्हणजे पदार्थ कोणता झाला याची क्ष-किरणांनी तपासणी, काढायला सॅम्पल पुडीत बांधून दुसऱ्या विद्यापीठात पाठवायचं. तीन आठवड्यांनी फाइल यायची आणि तिच्यात कळायचं की हवा तो पदार्थ झालेलाच नाही. पुन्हा हरभरे.

ही गरिबीतून आलेली पद्धत म्हणजे छोट्या कॅम्पसची खरी कमाई आहे असं मी मानतो. तिची वाट लावली ती पेपरांच्या मोजणीनं. आज निकेलचा थर, उद्या निकेल-कोबाल्ट, परवा त्यावर ग्राफीन. सुपरकपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या उपकरणाचा, पेपर तयार. यात मीही आहे, माझे तीन पेपर याच जातीचे. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजायचं माझ्या डोक्यात होतं. सर म्हणाले, "चांगलं आहे रे, पण छापणार कोण?" सरांचंही चूक नव्हतं. २०१६ च्या नियमात प्रबंध देण्याआधी निदान एक पेपर सक्तीचा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूजीसीनं ती सक्ती काढली, फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादीही बंद केली. सवय मात्र कुणी काढली नाही.

पेटंटचं तर बोलूच नये, पण बोलतो. फ्लेक्सवरच्या 'पेटंट'मध्ये डिझाइन नोंदणीही धरलेली असते. डिझाइन नोंदणी म्हणजे वस्तू दिसते कशी, एवढ्याचंच संरक्षण. ती चालते की नाही याच्याशी संबंध नाही. आठ गावांचे आठ प्राध्यापक मिळून एका 'स्मार्ट' डबीचे मालक होतात, आणि डबी आठांपैकी एकानंही हातात धरलेली नसते. वर्गणी काढून गणपती बसवतात तसं. गणपती निदान दिसतो तरी.

आणि पैसा. ज्यांना जेआरएफ ही केंद्राची संशोधन शिष्यवृत्ती मिळते त्यांना जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार. बाकीच्यांना बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांची शिष्यवृत्ती, आणि त्यासाठी आझाद मैदानावर बसण्याची तयारी. त्याही बाहेरचे ट्यूशन घेतात. मी घेत होतो, दहावीचं गणित.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. वार्षिक अहवालात एक रकाना वाढवा: 'पीएच.डी. झालेले पाच वर्षांनी कुठे आहेत?' पेपर, नियतकालिकाचं वजन सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टर, सगळं राहू द्या तसंच, फक्त हा एक वाढवा. गाइड मंडळींना राग येईल, येऊ दे. पुढच्या वर्षी पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, देणाऱ्या पोरांना तो रकाना वाचायचा हक्क आहे.

आमच्या लॅबचा मीच भरून देतो. आम्ही सहा जण. दोघं कोरियात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं मुदतीचं संशोधन. एक एमआयडीसीतल्या औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला. एक तलाठी झाला, सगळ्यांत सुखी तोच. जिचे पेपर आमच्यात सगळ्यांत जास्त, ती लग्नानंतर नाशिकला गेली आणि आता घरीच असते. तिच्या फाइली अजून माझ्या कपाटात आहेत. सहावा मी, तासिका तत्त्वावर.